वाचक विचारतात : बोंबी, भूसुरुंग आणि आपण

मागच्या अंकात मी लाओसमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं होतं. आजीने भातशेताच्या बांधावर सकाळी चूल पेटवली, चुलीच्या खाली मातीत अमेरिकन क्लस्टर बॉम्बमधला एक छोटा गोळा पुरलेला होता, तो तापून फुटला आणि मुलीचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मी तिकडे तीन वर्षं कृत्रिम हातपाय बनवायचं काम करत होते, तिचा कृत्रिम पाय मीच बनवला होता. भूसुरुंग आणि क्लस्टर बॉम्बवर जगभर बंदी हवी, असंही त्यात म्हटलं होतं. अंक आल्यापासून पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप सगळं चालूच आहे, म्हणून या महिन्याचा पूर्ण कॉलम याच प्रश्नांना देतेय.

ताई, तिथलं युद्ध संपून पन्नास वर्षं झाली. इतकी वर्षं मातीत पडलेली लोखंडी वस्तू गंजून निकामी व्हायला हवी ना? ती फुटते कशी? (मेकॅनिकल डिप्लोमाचा विद्यार्थी, कोल्हापूर)

तू मेकॅनिकलचा आहेस म्हणून जरा नीट सांगते. क्लस्टर बॉम्ब म्हणजे एक मोठा डबा, विमानातून सुटला की हवेतच उघडतो आणि आतले गोळे लांबरुंद पट्ट्यात विखुरतात. लाओसवर जे टाकले त्यातल्या एका प्रकारच्या डब्यात सहाशेच्या वर गोळे असायचे, एकेक टेनिस बॉलएवढा, अंगात शेकडो पोलादी छर्रे बसवलेले. तिथली माणसं त्याला 'बोंबी' म्हणतात. गोळ्याच्या बाहेरून उभ्या कडा असतात, त्या कडांमुळे तो खाली येताना गरगर फिरतो, आणि त्या फिरण्यानेच आतला फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, आर्म होतो, फुटायला सज्ज होतो. मग कडक जमिनीवर आपटला की फुटायचा. पण खाली भातखाचराचा चिखल असला, बांबूचं बेट असलं, गोळा अलगद टेकला, तर फुटत नाही, मात्र आर्म झालेला तो झालेलाच राहतो. वरचं कवच गंजतं रे, आतली स्फोटक दारू मातीत कित्येक वर्षं टिकते, आणि गंजलेला फ्यूज उलट जास्त बेभरवशाचा. मग पन्नास वर्षांनी कुणाची कुदळ लागते, कुणी वर शेकोटी करतं.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकन विमानांनी लाओसवर ५ लाख ८० हजार फेऱ्या मारल्या, २० लाख टनांवर बॉम्ब टाकले. बोंबींचा आकडा २७ कोटी, त्यातल्या अंदाजे ३० टक्के फुटल्याच नाहीत म्हणजे सुमारे ८ कोटी. आजवर साफ झालेल्या एक टक्कासुद्धा नाहीत. आणि हे सगळं त्या वेळी अमेरिकेतल्या सामान्य माणसापासून लपवून चाललेलं. युद्ध थांबल्यानंतर, म्हणजे शांततेच्या काळात, तिथे सुमारे २० हजार माणसं याने मेली किंवा जायबंदी झाली, हा आकडा मी कधी विसरू शकत नाही.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. मला राहून राहून वाटतं की लोकांना, मुलांना नीट शिकवलं तर हे अपघात टळतील. हात लावू नका एवढं तर सांगता येतं ना? (नाशिक)

बाई, तुमचा प्रश्न मी तिकडे जायच्या आधी माझाही होता. मलाही वाटायचं की हा अज्ञानाचा प्रश्न आहे. शाळांमधून शिकवतात तिकडे, अगदी छान शिकवतात, गाणी आहेत, बाहुल्यांचे खेळ आहेत, मुलं बोंबीचं चित्र बघून धडाधड नाव सांगतात. त्याने जीव वाचतात, ते काम थांबता कामा नये, पण तेवढ्याने भागत नाही हे मला माझ्या टेबलावर बसलेल्या माणसांनी शिकवलं.

एक चाळिशीचा शेतकरी यायचा, डावा हात मनगटापासून गेलेला. मी फाइल भरताना विचारलं, बोंबी आहे हे कळलं नव्हतं का. तो म्हणाला, कळलं होतं की. लहानपणापासून बघतोय, कळणार नाही का. तिकडे भंगारवाला किलोवर पोलाद घेतो, गावोगाव स्वस्तातले मेटल डिटेक्टर मिळतात, भात कापून झालं की हाताला काम नसतं, मग माणसं रानात डिटेक्टर घेऊन फिरतात. बॉम्बच्या मोठ्या टरफलांचे घराला खांब केलेत, गुरांना पाणी पाजायचे हौद केलेत, कांद्याची पात लावायच्या कुंड्या केल्यात, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तो म्हणाला, प्रत्येक वेळी फुटत नाही, आणि मुलांची शाळा प्रत्येक वर्षी असते. त्याच्यापुढे मी काय धोक्याची सूचना ठेवणार होते?

दुसरं असं की शेत नांगरल्याशिवाय, बांबूचे कोंब खणल्याशिवाय तिथलं पोट भरत नाही. आपल्या गडचिरोलीत ज्याला वास्ते म्हणतात ना तेच कोंब, पावसाळ्यात बायका आणि पोरं खणायला जातात. शेतकऱ्याला 'जमिनीला हात लावू नका' असं कसं सांगायचं?

आणि मुलांचं म्हणाल तर ही शस्त्रं दिसतातच अशी की मूल हात लावणार. बोंबी चेंडूसारखी. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांनी विमानातून टाकलेला एक सुरुंग फुलपाखरासारखा, प्लॅस्टिकचा, दोन पंखांचा, हातात मावेल एवढा. पुढे २००१ मध्ये त्याच देशात अमेरिकेने जे क्लस्टर बॉम्ब टाकले त्यातले बॉम्बलेट, म्हणजे आतले छोटे बॉम्ब, पिवळ्या रंगाचे होते आणि त्याच दिवसांत विमानातून अन्नाची जी पाकिटं टाकली तीही पिवळीच! रेडिओवरून सांगावं लागलं की दोन्ही पिवळं आहे, सांभाळा. नंतर पाकिटांचा रंग निळा केला. उपाशी मुलाने लांबून पिवळं काही पाहिलं तर त्याने काय करावं अशी अपेक्षा होती हे मला आजही कळत नाही. म्हणून मी आता म्हणते, सापडणाऱ्याने शहाणं व्हावं हे ठीक, पण आधी टाकणाऱ्याचा हात धरायला हवा. बंदीची मागणी त्यासाठी.

आमच्या गडचिरोलीत भूसुरुंग म्हटलं की नक्षलवाद्यांनी उडवलेली पोलिसांची गाडी आठवते. तुमच्या त्या जागतिक बंदीत हे येतं की नाही? (आरमोरी)

खूप महत्त्वाचा प्रश्न विचारलात. १ मे २०१९, महाराष्ट्र दिनालाच कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ पोलिसांची गाडी उडवली, १५ जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेले. तो दिवस कुणी विसरणार नाही. आपण मराठीत त्यालाही भूसुरुंगच म्हणतो, पण करारातली व्याख्या वेगळी आहे. १९९७ च्या सुरुंगबंदीच्या ओटावा करारात बंदी आहे ती माणसाच्या पायाने, स्पर्शाने किंवा जवळ येण्याने आपोआप फुटणाऱ्या सुरुंगावर. लांबून कुणीतरी दबा धरून बटण दाबून उडवतो तो त्या व्याख्येत बसत नाही. तो गुन्हा नाही असं नाही हं, तो खूनच आहे, फक्त हा कायदा त्याच्यासाठी नाही.

पण पायाखाली दाब पडला की फुटणारे जे प्रेशर आयईडी जंगलात पेरले जातात, ते घरगुती बनावटीचे असले तरी व्याख्येत सरळ सरळ बसतात. फॅक्टरीत बनला की डब्यात बनला याने फरक पडत नाही. बस्तरमध्ये, झारखंडच्या पश्चिम सिंहभूममध्ये मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपण आणायला गेलेली गावची माणसं त्यावर गेली आहेत, गुरंही गेली आहेत. जवानाचा बूट आहे की मोह वेचणाऱ्या बाईचं अनवाणी पाऊल, हे त्या वस्तूला समजत नाही. माझा सगळा राग तिथेच आहे, मग पेरणारा कुठल्याही बाजूचा असो.

मी इंजिनिअर रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून रिटायर झालो. सुरुंग पेरलेत आणि काढलेतही. सीमेवर घुसखोरी रोखायला सुरुंग लागतात. मॅडम, शहरात बसून बंदी मागणं सोपं आहे. (सातारा जिल्हा)

सुभेदारसाहेब, तुम्ही जे हाताने केलंय ते मी केलेलं नाही, म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही जो मुद्दा मांडलाय तोच आपल्या सरकारचा आहे. भारताने ओटावा करारावर सही केलेली नाही, क्लस्टर बॉम्बच्या करारावरही नाही, आणि युनोच्या आमसभेत सुरुंगबंदीचा ठराव दरवर्षी येतो तेव्हा भारत मतदानात तटस्थ राहतो. आपण एक जुना, सौम्य नियम मात्र मान्य केलाय, त्यात सुरुंग डिटेक्टरला सापडतील असेच हवेत, सुरुंग पेरलेल्या जागेला कुंपण आणि खुणा हव्यात वगैरे आहे.

तरी तुम्हालाच विचारते, कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. २००१ च्या डिसेंबरनंतर, संसदेवरच्या हल्ल्यामुळे सैन्य सीमेवर आणलं त्या ऑपरेशन पराक्रममध्ये, राजस्थान, पंजाब, जम्मूच्या सीमेवर लाखोंनी सुरुंग पेरले, शेतकऱ्यांच्या उभ्या जमिनीत पेरले. युद्ध झालंच नाही. मग ते काढताना किती जवान जखमी झाले, किती गेले? वाळू सरकली की सुरुंग सरकतो, पावसाच्या लोंढ्यात वाहून दुसरीकडे जातो, हे तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नाही. पूंछकडे नियंत्रण रेषेवर जंगलाला आग लागली की सुरुंग आपोआप फुटत जातात, तशा बातम्या दर दोनचार वर्षांनी येतात. नकाशात केलेली खूण आणि जमिनीतली जागा यांचा मेळ राहत नाही.

रेड क्रॉसने १९९६ मध्ये निवृत्त आणि नोकरीतल्या लष्करी अधिकाऱ्यांकडूनच जुन्या लढायांचा अभ्यास करून घेतला, त्यात निघालं की या सुरुंगांनी लढाईचा निकाल क्वचितच बदललाय, त्याच्या तुलनेत माणसांची हानी प्रचंड. आणि पुण्यात वानवडीला आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, १९४४ पासूनचं. मी शिकत असताना तिथल्या वरांड्यात बसलेले तरुण जवान पाहिलेत. त्यातल्या कुणाकुणाचा पाय शत्रूच्या नाही, आपल्याच बाजूच्या सुरुंगावर गेलेला होता. त्यांच्यासाठीसुद्धा मी हे मागतेय, साहेब. बंदी म्हणजे सैन्याच्या विरोधात असं कृपा करून समजू नका.

टीव्हीवर दाखवलं होतं की उंदीर सुरुंग शोधतात. खरं आहे का? (सहावीतला वाचक, डोंबिवली)

शंभर टक्के खरं! आपल्या घरातला उंदीर नाही, आफ्रिकेतला मोठा, गालात पिशव्या असलेला, वजन साधारण एक-सव्वा किलो. टांझानियात त्यांना शिकवतात. मेटल डिटेक्टर प्रत्येक खिळा-पत्र्यावर वाजतो, उंदीर मात्र फक्त स्फोटक दारूचा वास ओळखतो आणि सापडली की जमीन खरवडतो. इतका हलका की सुरुंग त्याच्या वजनाने फुटत नाही. टेनिस कोर्टाएवढी जागा अर्ध्या तासात हुंगून काढतो, माणसाला डिटेक्टर घेऊन त्यालाच चार दिवस लागू शकतात. कंबोडियात मगावा नावाच्या उंदराने ७१ सुरुंग आणि ३८ न फुटलेले बॉम्ब शोधले, २०२० मध्ये त्याला ब्रिटनमधल्या संस्थेने सोन्याचं पदक दिलं. केळं आणि शेंगदाणे त्याला फार आवडायचे. २०२२ मध्ये म्हातारा होऊन, शांतपणे गेला.

करार-बिरार सगळं कागदावर. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंनी क्लस्टर वापरले, युरोपातले देश करार सोडून चाललेत. मग तुमच्या या चळवळीचा उपयोग काय झाला? (आयटी इंजिनिअर, पुणे)

तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे, तिथपासूनच सुरू करते. रशियाने युक्रेनमध्ये क्लस्टर बॉम्बचा मारा केला, युक्रेननेही वापरले, २०२३ च्या जुलैपासून अमेरिकेने त्यांना पुरवले. २०२५ च्या मार्चमध्ये लिथुआनिया क्लस्टरबंदीच्या करारातून बाहेर पडला, असं करणारा पहिलाच देश. आणि त्याच वर्षी लिथुआनिया, लॅटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड, पोलंड या पाचांनी सुरुंगबंदीतून बाहेर पडायची नोटीस दिली. रशिया शेजारी आहे, भीती खरी आहे त्यांची, पण मला हे वाचून पोटात गोळा आला कारण सुरुंग त्यांच्याच मातीत, त्यांच्याच पोरांच्या पायाखाली पेरले जाणार.

आता उपयोगाचं. १९९२ मध्ये फक्त सहा संस्थांनी मिळून ही चळवळ सुरू केली, जोडी विल्यम्स त्यांच्या समन्वयक होत्या. सरकारांच्या नेहमीच्या बैठकांमध्ये एकेका शब्दावर महिने जात होते. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड ॲक्सवर्दी यांनी भर सभेत सगळ्या देशांना आमंत्रण दिलं की वर्षभराने सही करायलाच परत या. मुत्सद्दी मंडळी अवाक झाली. त्याच्या पुढच्या जानेवारीत प्रिन्सेस डायना अंगोलात हुआंबोला चिलखत घालून सुरुंगाच्या शेतातून चालल्या, तो फोटो जगभर गेला, आणि डिसेंबर १९९७ मध्ये ओटावाला खरोखर १२२ देशांनी सह्या केल्या. त्याच महिन्यात नोबेल शांतता पुरस्कार. चळवळीच्या वतीने तो घ्यायला स्टेजवर गेले ते कंबोडियाचे तुन चन्नारेथ, दोन्ही पाय सुरुंगात गेलेले, व्हीलचेअरवर बसून. मायदेशी ते दुसऱ्यांसाठी व्हीलचेअर बनवायचं काम करत होते. मला त्या सगळ्या समारंभात हे दृश्य सगळ्यात मोठं वाटतं.

क्लस्टरचं तसंच. २००६ मध्ये इस्रायलने दक्षिण लेबनॉनवर क्लस्टरचा जो मारा केला त्यातला बहुतेक भाग युद्ध थांबायच्या शेवटच्या तीन दिवसांत होता, लाखो बॉम्बलेट न फुटता संत्र्यांच्या बागांत, घरांच्या गच्च्यांवर पडून राहिले. त्यावरून नॉर्वेने पुढाकार घेतला, २००८ मध्ये डब्लिनला मसुदा पक्का झाला, ओस्लोला सह्या, १ ऑगस्ट २०१० पासून लागू. करार मानणाऱ्या देशांनी आपल्या गोदामातले जवळपास १८ कोटी बॉम्बलेट नष्ट केलेत. सुरुंगांचं बघायचं तर साडेपाच कोटींहून जास्त सुरुंग गोदामातच संपवले गेले, ते कुणाच्या पायाखाली आलेच नाहीत. मोझांबिक २०१५ मध्ये सुरुंगमुक्त झाला, तिथल्या बायका आता बिनधास्त शेतात जातात. टेक्स्ट्रॉन नावाची अमेरिकन कंपनी, आपल्या हवाई दलासाठीही तिच्याकडून क्लस्टर घेतले होते, तिने २०१६ मध्ये ते बनवणंच बंद केलं. अमेरिकेने करारावर सही केलेली नसताना! बदनामी झाली, गिऱ्हाईक आटलं, गुंतवणूकदार कुरकुरायला लागले. कागदावरचा करार असा काम करतो. तरीही २०२३ या एका वर्षात सुरुंग आणि न फुटलेल्या बॉम्बने जगात ५,७५७ माणसं मेली वा जखमी झाली, दर शंभरात ८४ सामान्य नागरिक. म्हणून तर आता ढिलं पडायची वेळ नाही.

आम्ही गृहिणी, इथे बसून काय करू शकतो? पैसे पाठवायचे तर कुठे? (विलेपार्ले)

वहिनी, आधी एका बाईबद्दल सांगते. चन्नफा खामवोंगसा, जन्म लाओसची राजधानी व्हिएंतियानचा, लहानपणी घरच्यांबरोबर निर्वासित म्हणून अमेरिकेला गेल्या. मोठेपणी त्यांच्या हाती काही चित्रं आली, बॉम्बफेकीतून जीव वाचवून आलेल्या लाओसच्या शेतकऱ्यांनी त्याच काळात पेन्सिल-पेनने काढलेली, विमानं, जळती घरं, मेलेली म्हैस. ती चित्रं घेऊन त्या २००४ पासून गावोगाव, कॉलेजात, खासदारांच्या दारात फिरल्या. अमेरिकेचा साफसफाईचा निधी वर्षागणिक वाढत गेला आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ओबामा स्वतः लाओसला गेले, तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले, भाषणात या बाईंचं नाव घेतलं. मी तेव्हा तिथेच होते. आमच्या वर्कशॉपमधल्या सुताराने रेडिओ बंद केला आणि इतकंच म्हणाला, आता ते मान्य तरी करतात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे बोलणं. तुमच्या खासदाराला पत्र टाका, साधं मराठीत टाका, दोन प्रश्न विचारा: भारत क्लस्टरबंदीच्या करारात का नाही, आणि सीमेवर सुरुंगात जखमी झालेल्या गावकऱ्यांना भरपाई आणि कृत्रिम अवयव मिळतात का. खासदाराला या विषयावर पत्र येणं इतकं दुर्मिळ आहे की पाचदहा पत्रांचीही दखल घ्यावी लागेल. दुसरं, म्युच्युअल फंड असेल तर फंडवाल्यांना मेल करून विचारा की शस्त्रकंपन्यांबद्दल तुमचं धोरण काय. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने क्लस्टर बनवणाऱ्या कंपन्या कधीच्याच वगळल्यात. पैशांचं म्हणाल तर लांब जायला नको, जयपूर फूट बनवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती आहे, अफगाणिस्तानसारख्या ठिकाणीही त्यांचे कॅम्प झालेत, आणि इथेही पाय फुकट बसवतात.

त्या मुलीचं पुढे काय झालं? (बऱ्याच जणांनी विचारलंय, एका चिठ्ठीत तर फक्त एवढंच होतं, रत्नागिरी)

लहान मुलाचा कृत्रिम पाय पुरत नाही, मूल वाढतं, हाड वाढतं, दर सहा महिने ते वर्षभराने सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, नवं करावं लागतं. मी तिथे होते तोवर तिची चार सॉकेट केली. पहिल्या वेळी ती माझ्याकडे बघतच नव्हती, चौथ्या वेळी येऊन मलाच सांगत होती की इथे टोचतंय, इथे घास. आता ती मोठी झालीय. तिकडच्या माझ्या सहकाऱ्याने गेल्या वर्षी फोटो पाठवला, घराच्या पायऱ्यांवर बसलीय, पाय लांब करून, नवा पाय माझ्या हातचा नाही पण फिटिंग चांगलं दिसतंय.

फोटोत मागे आजी आहे. तिने त्या सकाळनंतर जमिनीवर कधी जाळ केला नाही. शेतात एक लाकडी पेटी ठेवलीय, चार खुरांवर उभी, कमरेएवढी उंच, आत थापून माती भरलेली, आणि चूल त्या पेटीत. फोटोतही ती तिच्यावर भात शिजवत होती.